मागचा डावा पाय जोडलेला आहे

त्या दुकानाचा वास अजून ज्यांच्या नाकात आहे, अशी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. लाखेचं पॉलिश, उकळता सरस, जुन्या लाकडाचा भुसा, आणि या सगळ्यावर तरंगणारा चहाचा वास. दार उघडलं की आधी घंटी वाजायची, मग एखाद्या कपाटाचं दार आपोआप कुरकुरत उघडायचं, जणू तेही कोण आलंय ते बघतंय. जुन्या फर्निचरचं दुकान होतं ते. पुढे दुकान, मागे घर, मधे एक जाड पडदा.

दुकानाच्या मालकाला सगळा रस्ता वकील म्हणायचा. काळा कोट त्यानं जन्मात घातला नव्हता. कोर्टाची पायरी तो एकदाच चढला, तीही तिथली मोडकी बाकं विकत घ्यायला. पण लंगड्या टेबलाची बाजू तो अशी मांडायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, चार पायांवर उभं राहणारी टेबलंच काहीतरी लपवत असणार.

"हे टेबल पाहिलंत?" तो गिऱ्हाइकाला म्हणायचा. "एका न्यायाधीशानं तीस वर्षं यावर निकाल लिहिले. एकही निकाल वरच्या कोर्टात फिरला नाही."

खरं तर ते टेबल एका खानावळीतून आलं होतं आणि तीस वर्षं त्यावर कांदे चिरले गेले होते. पलंग असला तर त्यावर एखादी नटी झोपून गेलेली असायची, कपाट असलं तर ते हमखास आगीतून वाचलेलं. भेग दिसली की सरसात भुसा कालवून भरायची, वर पॉलिशचा हात फिरवायचा आणि त्यावर जिभेचा. तिसरा हात सगळ्यांत महत्त्वाचा, असं तो म्हणायचा. आपण कुणाला फसवतो असं त्याला कधी वाटलंच नाही. लोकांना लाकडाबरोबर गोष्ट लागते, ती आपण फुकट देतो, एवढं साधं त्याचं म्हणणं.

अशा माणसाच्या घरी ती नांदायला आली. एका गवंड्याची लेक. तिच्या माहेरी रोज संध्याकाळी सगळे प्रार्थनेला बसत, आणि दिवसभरात जे चुकलं ते तिथे बोलून टाकत. कुणी रागवायचं नाही, कुणी हसायचं नाही. वकिलाचं घरही बाप्तिस्मा झालेल्यांचंच होतं. पण तो सांगायचा, "डोक्यावर पाणी पडलं तेव्हा मी मोठ्यानं रडलो. त्यानंतर देवाचा आणि माझा फारसा संबंध आला नाही." रविवारी बायकोला तो चर्चच्या दारापर्यंत सोडायचा आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसायचा. तिथे त्याच्यासारखे आणखी तीन-चार नवरे असायचे. आत स्तोत्र सुरू झालं की बाहेर राजकारण सुरू.

लग्नाला महिनाही झाला नसेल. वकील चहा आणायला कोपऱ्यावर गेला होता आणि दुकानात ती एकटी. एक गिऱ्हाईक कपाटापाशी उभं राहून विचारतं, "याला वाळवी लागलीय का हो?"

"लागली होती," ती म्हणाली. "औषध मारलंय. पण खालची फळी पोकळ आहे. बोटानं वाजवून बघा."

त्यानं वाजवली. फळीनंही खरं तेच सांगितलं. गिऱ्हाईक टोपी घालून चालतं झालं. वकील किटली घेऊन दारातच उभा होता.

"अगं, हे दुकान आहे की कबुलीजबाबाची खोली?"

"त्यांनी विचारलं."

"विचारलं म्हणून सांगायचं?"

"अहो, सकाळी देवापुढे हे हात जोडायचे आणि दुपारी याच हातांनी पोकळ फळी झाकायची, मला नाही जमत. पॉलिशला बसवा, वेत विणायला शिकवा, झाडायला सांगा. खोटं बोलायला तेवढं सांगू नका."

"मग दुकानात तू तोंडच उघडू नकोस."

"बरं," ती म्हणाली.

वकिलानं खटला जिंकल्यासारखी मान हलवली. बायको एवढ्या पटकन 'बरं' म्हणाली की माणसानं सावध व्हावं, हे कळायला त्याचं लग्न अजून मुरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर प्रत्येक वस्तूला सुतळीनं एकेक चिठ्ठी बांधलेली. गोल, टपोरं अक्षर. टेबलावर: "दुसरा खण अडतो. थोडा उचलून ओढावा." आरशावर: "यात चेहरा जरा लांब दिसतो. मनाला लावून घेऊ नये." पाळण्यावर: "करकरतो. पण आजवरची बाळं त्या आवाजानंच झोपली म्हणतात." न्यायाधीशाच्या टेबलावर नुसतंच: "कांद्याचा वास उन्हाळ्यात येतो."

वकिलानं सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या. तिनं पुन्हा लिहिल्या. त्यानं पुन्हा फाडल्या. तिसऱ्या खेपेला त्याचीच बोटं दुखायला लागली. भांडण मात्र झालं नाही. भांडायला दोघं लागतात आणि ती येईना. तिनं तोंड उघडलेलं नव्हतं, तेव्हा शब्द मोडला असंही म्हणता येईना. वकिलाचा असा पराभव यापूर्वी कुणी केला नव्हता.

सुरुवातीला गिऱ्हाईक बिचकलं. काही महिने दुकानात घंटीपेक्षा घड्याळ जास्त वाजलं. मग एका बाईनं तो पाळणा नेला, केवळ चिठ्ठीवर भाळून. तिनं मैत्रिणीला सांगितलं. पुढे तर लोक चिठ्ठ्या वाचायलाच येऊ लागले, आणि वाचता वाचता काहीतरी घेऊन जाऊ लागले. वकील म्हणायचा, हे सगळं त्यालाच सुचलं होतं. तिनं कधी खोडून काढलं नाही.

एका संध्याकाळी पडद्यापलीकडून तिची प्रार्थना त्याच्या कानावर आली. "प्रभू, या माणसाला तू इतकी गोड जीभ दिलीस, ती काही उगाच दिली नसशील. तिला एखादं खरं काम लाव."

वकील पॉलिशचा बोळा हातात धरून उभाच राहिला. रागवावं की फुगावं, काही कळेना. बायको 'गोड' म्हणाली होती, हे तर खरंच होतं.

वर्षं गेली. दोन मुली झाल्या. आणि आश्चर्य म्हणजे पहिली फितूर झाली ती वकिलाची आई. म्हातारी दारातल्या वेताच्या खुर्चीत बसून सगळा रस्ता सांभाळायची, आणि सुनेनं दुकानाचं भजं केलं असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. एका दुपारी तिनं अचानक शेजारणीला हाक मारली.

"अगं, इकडे ये. चार वर्षांपूर्वी तुझी खिडकीतली कुंडी मांजरानं पाडली म्हणाले होते ना मी? मांजर नव्हतं गं. माझी काठी होती."

"मला माहीत होतं हो," शेजारीण म्हणाली. "मांजर काय जाताना काठी विसरून जातं?"

म्हातारीला इतकं हलकं वाटलं की दुसऱ्या दिवसापासून ती आणखी जुनं आठवायला लागली. "सासूबाई," सून म्हणाली, "सगळं एकदम नको. लोकांना झेपलं पाहिजे."

थोरलीनं हे आईच्या दुधाबरोबरच घेतलं असावं. पुढे ती दवाखान्यात नर्स झाली, तेव्हा इंजेक्शन देताना 'दुखणार नाही' असं तिनं कुणाला सांगितलं नाही. "दुखेल. मी दहापर्यंत मोजते, साताला संपेल," म्हणायची, आणि लहान पोरंसुद्धा तिच्याकडेच हात पुढे करायची. धाकटीचं आणखी वेगळं. सात वर्षांची असताना तिच्या चेंडूनं एका कपाटाची काच गेली. वकील घरी येऊन बघतो तर फुटक्या काचेला चिठ्ठी: "काच फुटली. मी फोडली. मुद्दाम नाही. थोडीशी मुद्दाम." त्या दिवशी वकील इतका हसला की ओरडायचंच राहून गेलं.

स्वतः तो मात्र बदलला नाही, निदान त्याचं तसं म्हणणं होतं. "तुझा देव तुझ्यापाशी, माझी जीभ माझ्यापाशी," तो बायकोला म्हणायचा. चिठ्ठ्यांमुळे खोटं बोलायला जागाच उरली नव्हती, हा भाग वेगळा.

थोरली पंधराची आणि धाकटी आठची असताना बायकोची बहीण बाळंत झाली आणि ती आठ दिवसांसाठी बहिणीकडे निघाली. ट्रंकेचं कुलूप लावता लावता म्हणाली, "रविवारी मुलींना उपासनेला न्या. सासूबाईंना औषध वेळेवर द्या. आणि चिठ्ठ्यांकडे लक्ष असू द्या."

"बरं," वकील म्हणाला. त्याच्या या 'बरं'ला ती घाबरली नाही, हीच तिची चूक.

बस सुटली तसा तो दुकानात आला, हात चोळले आणि सगळ्या चिठ्ठ्या सोडवून एका खणात कोंबल्या. आठ दिवस आपलं राज्य! पण गंमत अशी झाली की राज्य मिळालं, राजाला बोलता येईना. "एका न्यायाधीशानं तीस वर्षं..." असं त्यानं दुसऱ्याच एका टेबलापुढे दमदार सुरू केलं आणि मधेच, "म्हणजे बराच काळ," असं म्हणून चहा मागवला. जीभ गंजली होती.

शनिवारी दुपारी एक बाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, बारीक चणीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. दुकान असं तपासत आल्या की वकिलानं नकळत सदऱ्याचं बटण लावलं. चार खुर्च्या त्यांनी हलवून पाहिल्या आणि पाचवीपाशी थांबल्या.

"ही मजबूत आहे ना?"

ती खुर्ची वकिलाला तळहातावरच्या रेषांसारखी पाठ होती. मागच्या डाव्या पायाची चूळच तुटली होती. म्हणजे पाय जिथे बैठकीच्या खाचेत बसतो, ते टोक. त्यानं स्वतः ती सरसानं जोडली होती. सरळ बसलं तर दहा वर्षं टिकेल. पण बाजूला भार पडला, पिळवटली गेली, तर एक मिनिटसुद्धा नाही.

"बाई," त्याची जीभ अचानक सुटली, "हत्ती बसवा हिच्यावर."

"हत्तीचं मला काम नाही. मजबूत आहे का ते सांगा."

"एकदम!"

बाईंनी खुर्ची घेतली. कोपऱ्यावरच्या हातगाडीवाल्याला बोलावून ती गाडीवर चढवली. पायरी उतरताना त्या म्हणाल्या, "बरं झालं. नवं घर घेतलंय, खिडक्या उंच आहेत, पडदे लावायला हात पोचत नाही. घरात शिडी नाही आणि हाक मारायला माणूस नाही."

वकिलानं निरोपाला हात वर केला होता. तो तसाच वर राहिला. गाडी वळणावरून गेली तरी.

मग त्यानं स्वतःला समजावलं. आज थोडंच लावणार आहेत पडदे? लावले तरी सांभाळून लावतील. सरस आपण स्वतः लावलाय. आणि बाई वजनानं असून असून किती? पक्षकार नसलेला खटला त्यानं मोठ्या हिरीरीनं लढवला. मग तो आई आणि थोरलीबरोबर जेवायला बसला. धाकटी पेन्सिल शोधत खण उघडून उभी होती.

"बाबा, ही चिठ्ठी कुठल्या खुर्चीची? 'मागचा डावा पाय जोडलेला आहे. बसायला चालेल. वर उभं राहू नये.'"

"जुनी असेल. टाकून दे."

धाकटीही पानावर येऊन बसली. कुणी काही विचारलं नाही, कुणाला संशय आला नाही. बायको चार दिवस येणार नव्हती. आणि तोंडातला घास काही केल्या खाली जाईना. वकील तो या गालातून त्या गालात फिरवत राहिला. डोळ्यांपुढे बाई दिसत होत्या, पडद्याची कडी हातात, एका बाजूला झुकलेल्या. एका बाजूलाच झुकणार त्या. पडदा लावताना माणूस सरळ उभा राहतो कुठे?

"आई," तो म्हणाला, "ती जोडलेली खुर्ची मी विकली. न सांगता."

"कुणाला?" म्हातारीनं विचारलं.

"एका बाईंना. एकट्या राहतात. पडदे लावायला त्या तिच्यावर उभ्या राहणार आहेत."

म्हातारीनं काठी उचलली. या वयात आपल्या पाठीत बसणार, असं वकिलाला वाटलं. पण तिनं काठीनं दार दाखवलं. "मग बसलायस काय असा? ऊठ!"

थोरलीच्या पायात तोवर चपला होत्याही. धाकटी म्हणाली, "बाबा, आईला सांगायचं का?"

"आधी बाईंना सांगू," वकील म्हणाला. "चला."

पण जायचं कुठे? पत्ता त्यानं विचारलाच नव्हता. हातगाडीवाला कोपऱ्यावर आपल्याच गाडीत पाय पसरून झोपला होता. हलवून उठवल्यावर म्हणाला, "पाण्याच्या टाकीमागची गल्ली. तोंडाशीच बाई म्हणाल्या, ठेव इथे, पुढचं मी नेते. कुठल्या घरात गेल्या, देव जाणे."

टाकीमागच्या गल्लीत दोन्ही बाजूंना सारखीच घरं, सारख्याच पायऱ्या. वकिलानं पहिलं दार वाजवलं. एक गृहस्थ बाहेर आले आणि वकिलाच्या तोंडून सवयीनं निघालं, "इथे नवीन राहायला आलेल्या बाई आहेत ना, त्या छत्री विसरल्या आमच्याकडे."

"द्या इकडे. आम्ही पोचवू."

वकिलाच्या हातात छत्री नव्हती. थोरली आपल्या चपलांकडे बघत राहिली. बापाकडे तिनं पाहिलं असतं तर त्याला परवडलं असतं.

दुसऱ्या दारावर त्यानं घसा साफ केला. "मी जुनं फर्निचर विकतो. आज एका बाईंना मोडकी खुर्ची मजबूत म्हणून विकली. त्या पडायच्या आत मला सापडायला हव्यात."

उभ्या आयुष्यात त्यानं एवढी छोटी गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. आणि काय नवल, लोक पटापट बोलायला लागले! एकीनं वरच्या मजल्यावर हाक मारली, एकानं स्वतः येऊन पुढची दोन दारं वाजवली. धाकटी समोरच्या बाजूनं पळत होती आणि प्रत्येक खिडकीत मान घालत होती. सातव्या दारात एक जाडजूड माणूस वकिलाला बघून खूश झाला.

"अरे, वकीलसाहेब! तुमच्याकडचंच टेबल आहे आमच्याकडे. न्यायाधीशाचं!"

"खानावळीचं," वकील म्हणाला.

"काय?"

"त्यावर कांदे चिरायचे. तुम्हाला दाखवण्याआधी चिठ्ठी मी फाडली होती. लाकूड चांगलं आहे. नवीन बाई कुठे राहतात?"

"तरीच!" तो माणूस म्हणाला. "लिहायला बसलो की डोळे चुरचुरतात. मला वाटायचं चष्मा बदलायला झालाय."

एवढ्यात धाकटी धापा टाकत आली. "बाबा! निळं दार! खिडकीत पडदा अर्धाच आहे!"

वकील धावला. त्या वयात आणि त्या पोटानं जेवढं धावता येईल तेवढा. खिडकीतून आत पाहिलं. बाई खुर्चीवर उभ्या होत्या. चवड्यांवर. उजवा हात कडीला, अंग सगळं उजवीकडे, आणि खुर्चीचा मागचा डावा पाय जमिनीपासून बोटभर उचललेला. हाक मारायला त्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हाक मारली तर बाई दचकतील, वळतील, आणि वळल्या की झालंच.

दार लोटलेलं होतं. मुलींना त्यानं तोंडावर बोट ठेवून बाहेरच थांबवलं. मग चपला काढून, मांजराच्या पावलांनी आत गेला, खुर्चीमागे गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी तो पाय बैठकीसकट घट्ट धरला.

"कोण आहे?" वरून आवाज आला.

"हलू नका, बाई. मी दुकानदार."

"दुकानदारांच्यात दार वाजवायची पद्धत नाही का?"

"आहे. पण तुम्ही दचकला असता."

"आणि आता काय मी दचकले नाही?"

"बाई, या खुर्चीचा पाय जोडलेला आहे. मागचा डावा. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

बाईंनी मान न वळवता वरूनच विचारलं.

"हत्तीचं काय झालं?"

"हत्ती नव्हता, बाई."

"घट्ट धरलंय ना?"

"धरलंय."

"मग धरून ठेवा. चार कड्या राहिल्यात. आता उतरून पुन्हा चढायचं माझं वय नाही."

बाईंनी चार कड्या लावल्या. घाई नाही, गडबड नाही, फळ्यावर अक्षर काढावं तशा एकेक. दर कडीला वकिलाच्या मुठीत सांधा किंचित करकरायचा, आणि तो आणखी जोर लावायचा. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, पण पुसायला हात कुठून आणायचा? किती वेळ गेला ते त्याला नंतर कधी सांगता आलं नाही. एरवी मिनिटाचा तास करून सांगणारा माणूस, पण या बाबतीत म्हणायचा, "चार कड्या लागल्या तेवढा वेळ."

शेवटी बाई त्याच्या खांद्यावर हात टेकून खाली उतरल्या. वकिलानं मूठ सैल केली. खुर्ची कलंडली आणि पाय त्याच्या हातातच राहिला.

बाईंनी त्या पायाकडे पाहिलं, वरच्या कडीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. जमीन दगडी होती. त्या हळूच ट्रंकेवर बसल्या. थोरलीनं आत येऊन माठातलं पाणी दिलं.

"तुम्हाला कुणी पाठवलं?" पाणी पिऊन बाईंनी विचारलं.

"कुणी नाही. म्हणजे, माझी बायको असती तर तिनं आधीच सांगितलं असतं. ती बहिणीकडे गेलीय."

"तिला कळणार होतं?"

"नाही."

"मला कळलं असतं, पण पडल्यावर. मग आलात कशाला?"

वकिलाकडे कुठल्याही प्रश्नाला दहा उत्तरं तयार असायची. आज तो तुटका पाय या हातातून त्या हातात करत राहिला. धाकटी दारातून म्हणाली, "बाबांना घास गिळेना."

"हं," बाई म्हणाल्या. "हे कारण मला पटतं."

त्या संध्याकाळी वकील स्वतः दुकानातली शिडी खांद्यावर घेऊन बाईंकडे पोचवून आला. दुसऱ्या दिवशी रविवार. मुलींना घेऊन तो चर्चपाशी आला, बाहेरच्या बाकावर नवरेमंडळींनी त्याच्यासाठी जागा केली, आणि तो सरळ मुलींच्या मागून आत गेला. शेवटच्या रांगेत टोकाला बसला. कुणी विचारलं तर म्हणाला, बाहेर फार ऊन लागत होतं. त्या दिवशी आभाळ भरून आलेलं होतं.

बायको यायच्या दिवशी घरात वेगळीच चढाओढ. म्हातारी म्हणाली, "मी सांगते तिला, मला नीट सांगता येईल." थोरली म्हणाली, "आजी, तू मसाला लावशील." धाकटी तर मोटारअड्ड्यावर यायलाच निघाली होती.

"कुणी यायचं नाही," वकील म्हणाला. "माझं मी सांगणार."

वाटेत त्यानं गोष्ट चार प्रकारे जुळवून पाहिली. पहिल्या प्रकारात खुर्ची चुकून गेली होती. दुसऱ्यात गर्दी फार होती. तिसऱ्यात हत्ती नव्हता. अड्ड्यावर पोचेपर्यंत हे तिन्ही प्रकार गळून पडले होते.

ती बसमधून उतरली, ट्रंक खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं. प्रवास कसा झाला, बाळ कसं आहे, काही न विचारता वकील म्हणाला, "थांब. आधी ऐक." आणि हमालांच्या, भोंग्यांच्या, धुरळ्याच्या मधोमध उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. खणात कोंबलेल्या चिठ्ठ्या, हत्ती, छत्री, सगळं.

सांगून संपल्यावर तिनं विचारलं, "बाई बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत."

"पडदे लागले सगळे?"

"सगळे."

ती ट्रंकेवर बसली आणि नखानं कुलूप खरवडत राहिली. वकील वाट बघत होता. रागावेल, रडेल, कदाचित शाबासकी देईल. तिघांपैकी कशालाही तो तयार होता.

"मलाही तुम्हाला एक सांगायचंय," ती म्हणाली.

"काय?"

"बहिणीच्या जावा, शेजारणी, सगळ्या बाळ बघायला यायच्या आणि आपापल्या नवऱ्याचं सांगत बसायच्या. कुणाचा नवरा पितो, कुणाचा ओरडतो. मी म्हणाले, माझा नवरा आता कधीच खोटं बोलत नाही. दहा वर्षांत एकदाही नाही."

"असं म्हणालीस?"

"तोंडातून निघून गेलं. मग त्यांनी वाहवा केली, तर आणखी दोनदा म्हणाले. एक दिवस तर गोष्ट सांगितली, तुमचीच, मनानं रचून. रोज प्रार्थनेला बसले की तेवढंच पुढे यायचं. आयुष्यभर तुम्हाला अडवलं आणि आता मीच खोटं बोलले. तेही तुमचं नाव घेऊन."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोर्ट पूर्णपणे वकिलाच्या बाजूनं होतं. जिभेवर टोमणे रांग लावून उभे होते आणि एकेक असा धारदार की पुढची वीस वर्षं पुरला असता. त्यानं बायकोकडे पाहिलं. प्रवासानं कोमेजलेली, डोळे खाली, लहान मुलीनं चूक सांगावी तशी बसलेली. टोमणे आल्या पावली परत गेले.

"मग आता काय करणार?" त्यानं विचारलं.

"बहिणीला पत्र लिहीन. खरं काय ते कळवीन."

"लगेच नको लिहूस."

"का?"

"थोडा वेळ दे मला," वकील म्हणाला. "बघतो, तू बोललीस ते खरं करता येतंय का."

तिनं मान वर केली. "किती वेळ?"

वकिलानं ट्रंक उचलून खांद्यावर घेतली, नीट बसवली आणि दोन पावलं चालून मागे वळला.

"ते आत्ता सांगितलं," तो म्हणाला, "तर तेच खोटं ठरेल."